रांगेत सापडलेली मावशी

इंजेक्शनच्या रांगेत बाळाला थोपटत मी ऐकत होते. पुढे एक म्हातारे निवृत्त सैनिक होते आणि आदिवासी पाड्यावरची एक बाई.

“माझ्या आईची आई तुमच्याच पाड्यावरची. लढाईत गोळी लागून परतलो, तेव्हापासून तिचं माहेर शोधतोय. रागावली की ती भिंतीशी बोलायची.”

“माणसांशी नाही?”

“आठवडाभर नाही.”

“अगंबाई, मग ती माझी आत्या! खाली गावात दिलेली. आमच्या घरात सगळ्या भिंतीशीच बोलतात.”

“म्हणजे तुम्ही माझ्या...”

“मावशी. आता मी अहो-जाहो करणार नाही हं.”

“मी पंच्याहत्तरीचा, तुम्ही साठीच्या!”

“मावशीचं वय काढतोस?”

“चुकलो. मावशी, तेवढा हात धरा. सुईची फार भीती वाटते.”

“अरे, गोळी खाल्लीस ना?”

“ती सांगून आली नव्हती.”