सासूबाईंची उसण

पायाळू असणं किती अवघड असतं, ते मला विचारा. मी पायाकडून जन्मलेली. अशा माणसानं लाथ मारली की पाठीत भरलेली उसण जाते, अन् जमिनीत पुरलेलं धनही त्याला दिसतं, असं आमच्याकडं मानतात.

भाचीच्या हळदीला सेलूला निघायचं, अन् नेमकी त्याच सकाळी सासूबाईंना उसण भरली. गोळी घेईनात.

"तूच लाथ मार. पण घरात नको. कुणी बघितलं तर तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई."

म्हणून आम्ही गावाबाहेरच्या पडक्या गढीमागं गेलो. त्या वाकून उभ्या राहिल्या. मी आधी पाया पडले, मग हळूच पाय लावला.

"जोरात मार की! जेवली न्हाईस का?"

मी मारली, तेवढ्यात शेजारच्या विमलकाकू भिंतीआडून पुढं आल्या.

"वाटलंच मला! पायाळू सून आणून गढीतलं सोनं हुडकायलाव व्हय? वाटा द्या, न्हाईतर गावभर सांगते."

सासूबाई ताडकन सरळ झाल्या. "कशाचं सोनं, विमल? सून लाथा मारायली मला!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विमलकाकूंनी सासूबाईंच्या सरळ झालेल्या पाठीकडं नीट बघितलं आणि माझ्यापुढं वाकून उभ्या राहिल्या.

"मग दोन मलाबी मार गं."