पडदा काळा झाल्यावरचा सूर

सन्माननीय अध्यक्षा मादाम ग्रोस्लीन, व्यासपीठावरील वादक संघाचे मान्यवर, ज्यांना आज निरोप द्यायचा ते संगीतकार आर्सेन लेर्मिनिए, आणि समोरच्या माझ्या वादक मित्रमैत्रिणींनो,

आधीच्या वक्त्यांची क्षमा मागून एक दुरुस्ती करतो. आर्सेन चर्चमध्ये ऑर्गन शिकले, असं सांगितलं गेलं. नाही! रूबे शहरातल्या गिरणी कामगारांच्या बँडमध्ये ते तुतारी शिकले. ऑर्गनला हात लावला तो नंतर, तोही पाद्री जेवायला गेले की. मी ध्वनिमुद्रक, कुठल्या शाळेत न जाता कानानं शिकलेला. चुकीचं ऐकून मला गप्प बसवत नाही.

पॅरिसला येऊन त्यांनी साबणाच्या जाहिरातींना चाली दिल्या, मग लघुपट केले, मग चित्रपट. बहुतेक सगळ्यांचं संगीत याच ध्वनिमुद्रण दालनात, माझ्या काचेपलीकडे. दिग्दर्शक म्हणत, "इथे रडवा." आर्सेन म्हणत, "नट रडवतोय ना? मग मी कशाला मध्ये तोंड घालू?"

आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मुद्रणाच्या वेळी चित्रपट चालतो तो पडदा वादकांच्या पाठीमागे. चित्र पाहायचं संगीतकारानं, वादकांनी पाहायचं त्यांच्या हाताकडे.

बंदरावरच्या त्या चित्रपटाचं चित्रीकरण संपलं आणि नायकाचं काम करणारा इव्हों वारला. चित्रपटाच्या शेवटी तो धक्क्यावरून एकटा चालत जातो, त्यावर फक्त क्लॅरिनेट. ते वाजवायचं होतं ओदेतनं, म्हणजे त्याच्या बायकोनं. आर्सेननी गुपचूप दुसरा वादक ठरवला. ओदेत उपाहारगृहात त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय रे आर्सेन, माझी जागा दुसऱ्याला?"

"ओदेत, पडद्यावर इव्हों आहे गं."

"माझ्या पाठीमागेच ना? घरात तरी कुठे माझ्यासमोर बसायचा! सदा आरशासमोर."

"आणि सूर तुटला तर?"

"तर ओरड. नेहमी ओरडतोसच."

तिनं वाजवलं. दृश्य संपलं, आर्सेनचा हात थांबण्याची खूण करत खाली आला. पण ओदेतचे डोळे मिटलेले! पडदा काळा झाला, तरी सूर चालूच, तिचा श्वास संपेपर्यंत. आर्सेननी तिला अडवलं नाही. मीही यंत्र थांबवलं नाही.

निर्माते उसळले, "चित्र संपल्यावर सूर? ही चूक आहे. पुन्हा घ्या."

"चूकच आहे," आर्सेन म्हणाले. "पण पुन्हा घेतलं, तर ती बरोबर जागी थांबेल."

"मग पुढच्या वेळी मी दुसरा संगीतकार बघतो."

"बघा. इथली कॉफी कोणती टाळायची, ते मी त्याला सांगेन."

सूर राहिला. त्या निर्मात्यांनी आर्सेनना पुन्हा कधी बोलावलं नाही. प्रेक्षक मात्र अंधारात तसेच बसून राहत. मी स्वतः थिएटरात जाऊन पाहिलंय.

ओदेतनं ते दृश्य आजवर पाहिलेलं नाही. विचारलं की म्हणते, "पाठीनं पाहिलंय, पुरे."

गेल्या आठवड्यात आम्ही आर्सेनना विचारलं, निरोपाची भेट काय देऊ? ते म्हणाले, "ते दृश्य इथे लावा, आणि तेवढ्यापुरत्या वादकांच्या खुर्च्या फिरवा. ओदेतला विचारून." आज आपण पडद्याकडे तोंड करून का बसलो आहोत, ते आता कळलं ना? मघाशी पहिल्या रांगेतून ओदेतनं मला दटावलं, "भाषण लांबवू नकोस. माझा धीर फार वेळ टिकणार नाही."

तेव्हा आवरतो. अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. तपशिलात चूक सापडली, तर मात्र मला जरूर पकडा. विनंती एकच, पडदा काळा झाला की टाळ्या वाजवू नका. ओदेतचा सूर अजून संपलेला नसेल.

दिवे मालवा.