दाराशी उभा असलेला फ्लेक्स

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या महाविद्यालयाचे प्राचार्य आदरणीय केशवरावजी, व्यासपीठावर विराजमान मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती, रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका विजया मॅडम, समस्त प्राध्यापकवृंद, आणि पांढुर्णा, सौंसर, सावरगाव, लोधीखेडा इथून संत्र्याची तोडाई सोडून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी मंगेश, मॅडमचा जुना विद्यार्थी. लोधीखेड्याच्या रस्त्यावर माझा लहानसा कारखाना आहे. जुने फ्लेक्स घेतो, दळतो आणि त्या पीव्हीसीपासून बागेत पाणी द्यायची काळी नळी बनवतो. मला पाच मिनिटं दिली आहेत. पांढुर्ण्यातली पाच मिनिटं किती लांब असतात, हे अध्यक्षांना ठाऊक आहेच.

मघापासून मागं कुजबूज चालू आहे, की स्टेजवर मॅडमच्या फोटोचा फ्लेक्स काहून नाही, नाव फळ्यावर खडूनं काहून लिहिलं? आयोजकांवर रागावू नका. फ्लेक्स छापणाऱ्या आमच्या चेतननं डिझाइनसुद्धा करून ठेवलं होतं. फ्लेक्स नको ही मॅडमची अट होती. त्यामागची गोष्ट सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. त्या म्हणाल्या, "सांग, पण रडून नको सांगू." पाहू या कसं जमतं.

मॅडम शिकवायच्या हिंदीत आणि रागवायच्या मराठीत. त्यामुळे आमचं मराठी जास्त पक्कं झालं. पीव्हीसीचा धडा मात्र त्या दोन्ही भाषांत समजावून सांगत. पीव्हीसी मूळचं कडक. ते मऊ करायचं तर त्यात तेलासारखं प्लॅस्टिसायझर घालावं लागतं, आणि ते पुढं हळूहळू बाहेर झिरपत राहतं. ऊन लागलं की रेणूंच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराईड निघू लागतं. एक निघालं की शेजारच्याची पकड सुटते, मग त्याच्या शेजारच्याची, आणि माल पिवळा पडत जातो. स्टॅबिलायझर घातलं तर हे लांबतं, थांबत नाही. आम्ही हे पाठ करून पास झालो आणि विसरलो.

नवीन मुलांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. मॅडमना एकच मुलगा होता, अंकुर. सर, म्हणजे मॅडमचे यजमान, आधीच गेलेले, घरात मायलेक दोघंच. नागपूर रोडवर मोटारसायकलचा अपघात झाला आणि अंकुर गेला. मित्रांनी कॉलेजच्या गेटवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. हसरा फोटो होता, डोक्यापासून पायापर्यंत, अगदी त्याच्याच उंचीचा. तेरवी झाल्यावर मॅडमनी तो चौकटीसकट घरी नेला आणि आत, दाराशी उभा केला.

आपल्यापैकी बरेच जण त्या घरी गेले असतील. दार उघडलं की समोर अंकुर. खरं सांगतो, मी चप्पल काढताना त्याच्याकडं पाहत नसे. मॅडम मात्र दार लावताना त्याला म्हणत, "येतेच रे." आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो.

दाराला पश्चिमेचं ऊन यायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "मंगेश, अंकुरला घाम येऊन राहिला रे."

मी गेलो. फोटोच्या कपाळावर, गालावर चिकट थेंब होते. मॅडम पदरानं टिपत होत्या. ते प्लॅस्टिसायझर आहे, हे मी त्यांना काय सांगणार? त्यांनीच तर मला शिकवलं होतं. मी तिथं उभा राहिलो आणि माझ्याही हातानं रुमाल काढला.

मग त्यांनी खिडकीला काळा पडदा लावला. माझ्याकडून स्टॅबिलायझर नेलं, दुसऱ्या फ्लेक्सच्या तुकड्यांवर प्रयोग केले. चेहरा पिवळा पडतच गेला, पायाशी तडे गेले. एक दिवस त्या कारखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "याच्यात नवं तेल घालता येते का?"

मी म्हटलं, "येते मॅडम. पण आधी दळावं लागते, वितळवावं लागते. माल वाचते. फोटो नाही वाचत."

त्या म्हणाल्या, "अन् फोटो ठेवला तर?"

उत्तरही त्यांनीच दिलं, "दोन्ही जातीन. माहीत आहे मला."

त्यानंतर कितीतरी दिवस त्या आल्या नाहीत. आल्या तेव्हा फ्लेक्सची गुंडाळी कडेवर घेतली होती, लेकरू घ्यावं तशी. आमच्याकडे पूनम मशीनवर असते. तिचा एक रिवाज आहे, माणसाचा फोटो असला की ती फ्लेक्स उलटा करून मशीनमध्ये घालते. ती मॅडमना म्हणाली, "आमी उलटाच टाकतो, मॅडम. डोये दिसले का हात चालत नाही."

मॅडम म्हणाल्या, "उलटा नको टाकू, बाई. तो घरून निघाला की वळून माझ्याकडं पाहे. पाहू दे."

पूनमनं हात मागं घेतले. मग मॅडमनीच पाय आधी आत दिले, चेहरा शेवटी. मी मशीनचा आवाज रोज ऐकतो, त्या दिवशीचा आवाज अजून कानातून जात नाही. फ्लेक्सच्या आत धाग्याची जाळी असते, ती पंख्यानं उडवून वेगळी करतात. तिचा पांढरा भुगा मॅडमच्या केसांवर बसला. त्यांनी तो झटकला नाही.

दळून निघालेला तो दाणा इतर मालात मिसळला, नवं तेल, नवं स्टॅबिलायझर घातलं आणि नळी निघाली. मी विचारलं, "मॅडम, कोणत्या बंडलात आहे ते वेगळं ठेवू का?" त्या म्हणाल्या, "नको. एक जागा सांगशील तर मी तिथंच जाऊन बसीन."

म्हणून आज मलाही माहीत नाही. माल पांढुर्णा, सौंसर, सावरगाव, सगळीकडे गेला. तेव्हापासून मी बागेतली नळी ओलांडत नाही, वळसा घालून जातो. गडी हसतात.

मागच्या महिन्यात सावरगावच्या गुणवंताभाऊंचा फोन आला. "मंगेश, तुमच्या मॅडम संध्याकाळच्या आमच्या बांधावर थांबतात. वाकून नळीले हात लावतात, अन् चालल्या जातात. काही हरवलं का त्यायचं?" मी इतकंच म्हणालो, "लावू द्या, भाऊ."

मॅडम, एवढं मी तुम्हाला विचारल्याशिवाय बोलून राहिलो, रागवा. पण उद्यापासून तुम्हाला कॉलेज नाही, आणि दिवस मोठा असतो. म्हणून या सभागृहातल्या बागवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मॅडम तुमच्या धुऱ्या-बांधावर थांबल्या तर काय पाहिजे म्हणून विचारू नका. पाणी चालू असेल तर चालू राहू द्या. नळी गुंडाळायची घाई करू नका.

अध्यक्षांनी वेळेचं भान मला सुटू दिलं आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. रडून सांगू नको म्हटलं होतं, ते शेवटपर्यंत पाळता आलं नाही. तेवढं आणि बोलण्यात आणखी जे कमीजास्त झालं असेल ते, मॅडम, पोटात घाला.