उष्ट्या ताटाचं भाषण

नाई नाई, पहिले जेव. रश्मीनं पाठवलं तुले, ऐकलं मी, कान आहेत मले. 'बुद्धपौर्णिमेले घरी येऊ का' — हेच विचारून राह्यली न ती? अव, सोताच्या घरी यायले विचारा लागते का? अन् विचारायचं तं सोता विचार! आईनं फोन उचलणं बंद केलं, तं दुसऱ्याची पोरगी धाडाची दिल्लीवरून एटापल्लीले? तू तुह्या रिसर्चसाठी आली, माहीत आहे, बाहेर जीप उभी आहे तुमची — पण निरोप घेऊन आली न? मंग ऐका बी लागन. बाहेर बोर्ड वाचला का? काय लिहिलं? 'मीराबाई भोजनालय'. तं मीराबाई म्हणजे मी. रश्मीची माय. मालकीण. हे पहिले डोक्यात बसव, मंग भाताले हात लाव.

तुमच्यावानी लय येतात इथी — जंगल पाह्यले, गावोगावी लोकायले प्रश्न विचारायले — अन् धड जेवण माह्याकडंच भेटते, तं समदे याच बाकावर. मी तं जेवणं पाहून सांगते कोणत्या युनिव्हर्सिटीचा पोट्टा आहे. इंजिनियरवाले — तोंड खाली, बोट मोबाईलवर, वरण लाखोळीचं आहे का तुरीचं, पत्ता नाई. त्यायनं मले बिनधुराची चूल बांधून देली, फोटो काढला, गेले. कोंबडी अंडे देते आता तिच्यात. विलायतवाला एक आलता — भात वाढला का थँक्यू, मीठ देलं का थँक्यू, घास कवा खाऊन राह्यला तेच समजे नाई. मुंबईवाले लय मऊ. जेवण झालं का गोल करून बसतात, अन् एकेक जण सांगते आज त्याले कसं वाटलं. एक पोट्टी तं रडली, मंग येऊन माहा हात धरला — 'ताई, तुम्हाला आज कसं वाटतंय?' म्हणलं बाई, फोडणी जळून राह्यली, हात सोड.

अन् तुमी दिल्लीवाले! बाप्पा बाप्पा! निरा भांडण. हे जंगल कोणाचं — एक म्हणते सरकारचं नाई, दुसरा म्हणते प्रश्नच चुकला तुहा, तिसरी म्हणते यात बाईचा विचारच नाई केला तुमी — भात थंडा होते, वरण आळून जाते, अन् बाजूच्या बाकावर चैतू बसून जेवून राह्यला, त्याच जंगलातला माणूस, त्याले कोणी विचारत नाई का बाबा, तुहं काय म्हणणं. तो जेवला, हात धुतले, गेला. अन् मंग समदे उठून नळावर — 'मावशी, आमच्याकडे आपलं ताट आपणच घासायचं असतं.' घासा बाप्पा! हळदीचा पट्टा तसाच, साबण ताटाच्या मागं तसाच. तुमी गेले का मी पुन्हा घासून घेते. हसू नको. माह्या पोरीले बी नाई येत. मी येऊच देलं नाई — भांड्याजवळ आली का हाकलाची मी तिले, म्हणलं तू पुस्तक धर, इकडं फिरकू नको.

बेंगलोरचं सांगितलं का तिनं तुले? नाई सांगितलं असन. दिल्लीच्या आधी तिथी होती ती. पैशेवाल्या पोट्ट्यायची युनिव्हर्सिटी, हिले स्कॉलरशिप. काचेच्या इमारती, वर्गात एसी, पोट्टे सुट्टीत परदेशात जाऊन येतात, अन् कोणी मोठ्यानं बोलत नाई — भांडण नाई, मोर्चा नाई, सरले प्रश्न बी हळूच. तिथी गरिबी झाका लागते. तं हिनं सांगितलं, 'माझी आई रेस्टॉरंट चालवते.' रेस्टॉरंट! हे पाह्य — टिनाचे पत्रे, हे डगमगते बाक, ते मांजर. पण खरं सांगू का, गोड लागलं मले. मंग दिल्ली. तिथी उलटं. तिथी गरिबी दाखवा लागते, ज्याची जास्त त्याले टाळ्या जास्त. सरले नावानं हाक मारतात म्हणे, तोंडावर चूक काढतात, अन् सर खुश होते. तासतासभर सांगे फोनवर — आई, आज मी सरले म्हणलं हे चूक आहे, अन् सर म्हणले बोल, पुढं बोल. काय आवाज चढे तिचा! इकडं कालेजात एक प्रश्न विचारला तं खाली बसवलं होतं हिले. म्हणलं, पोरगी जागेवर गेली. भाकर कमी खाईन, पण तिथीच राहू दे हिले. अन् तिथीच तिनं हे केलं.

तो व्हिडिओ, दुसरं काय. बाजाराचा दिवस, खानावळ भरलेली, अन् हा अश्विन किराणावाला मोबाईल घेऊन धावत आला — 'मीराबाई, रश्मी भाषण देऊन राह्यली!' मी म्हणलं, आवाज वाढव, ऐकू दे समद्यायले. मीच म्हणलं! झाडाखाली उभी, हातात माईक, समोर हे एवढे पोट्टे. अन् म्हणते काय — 'माझ्या आईनं लोकांची उष्टी ताटं घासली, म्हणून मी इथे उभी आहे.' तिथी टाळ्या. इथी समदे माह्याकडं पाहून राह्यले. चैतूनं घास तसाच हातात धरला. बेंगलोरले मालकीण, दिल्लीले मोलकरीण — अन् मी तं इथीच उभी, याच चुलीपुढं! मले विचारलं का कोणी, बाई, तू कोण आहे?

खोटं आहे ते. लिहून घे, रिसर्चवाली आहे न तू. माह्याकडं भांड्याले दुर्गा आहे, पगार देते मी तिले. तुमी पोट्टे ठेवता तो पट्टा सोडला, तं मी कोणाचं उष्टं — काय? चंद्रपूर? चंद्रपूरचं कोणी सांगितलं तुले? तिनं? तिले कसं माहीत? मी तं कोणालेच सांगितलं नाई. तिचा बाप गेला तवा होतो आमी तिथी, एका हॉटेलच्या मागच्या बोळीत घासाची मी. ती एवढुशी, शेंबडी. तांदळाच्या पोत्यावर झोपवाची तिले, मधात लुगडं बांधाची — का पोरीले खरकटं दिसू नाई. मालक काई बी बोले. एक दिवस हातातून कप फुटला, तं त्यानं भांड्यायचं पाणी फेकलं माह्या तोंडावर. मी पहिले मागं वळून लुगडं सरकवून पाह्यलं, पोरगी उठली का. डोळे मिटलेले. म्हणलं बरं झालं, झोपली आहे.

पाण्याचं बी सांगितलं तिनं?

म्हणजे झोपली नव्हती.

एवढे वर्ष एका घरात राह्यलो. एका ताटात जेवलो. मले कवा एक शब्द नाई बोलली, अन् दिल्लीच्या त्या एवढ्या पोट्ट्यायपुढं — मले सांगता येत नव्हतं का? मी काय खाल्लं असतं तिले? ... अन् मी तरी कुठी सांगितलं म्हणा.

काऊन थांबली? भात घे. अन् रडू नको, तू मुंबईवाली नाई.

तिले सांग, ये म्हणा. पौर्णिमेले विहाराचं भोजनदान माह्याकडं आहे, अख्खा मोहल्ला जेवते, अन् दुर्गा माहेरी चालली. ताटायचा ढीग पडन. भाषणात घासले न? आता नळावर माह्या बाजूले बसून घास म्हणा. हळदीचा पट्टा राह्यला तं पाहून घेईन तिले, दिल्ली अन् बेंगलोर दोन्ही काढीन. हो, असंच सांग. अस्संच. अन् तू ताट घेऊन कुठी चालली? ठेव. ठेव म्हणते न खाली! दुसऱ्याची लेक आहे तू, माह्याकडं नाई घासत पोरी. जा, हॉर्न वाजवून राह्यला तुमचा जीपवाला.