जेवणाच्या टेबलावरून उड्डाण

डॉक्टर : बोटं मिक्सरमध्ये गेली?

शिंपी : हो. चटणी वाटत होतो. झाकण घसरलं.

बायको : आपला मिक्सर महिना झाला दुरुस्तीला गेलाय हो.

शिंपी : तू जरा गप्प बस की.

डॉक्टर : काका, खरं सांगा. एकाच्या शेजारी एक तीन वार आहेत. मिक्सर असं कापत नाही. काय होतं?

शिंपी : टेबलफॅन.

बायको : अहो, डॉक्टरांपुढे काय लाजायचं? मीच सांगते. विमान. खेळण्यातलं विमान! साठी उलटली, शहरातल्या निम्म्या बायकांचे कपडे शिवले, आणि आता रिमोटचं विमान उडवतायत. माझी सवत आहे ती. दिवाणखान्यात ती, जेवणाच्या टेबलावर ती. मी ताट मांडीवर घेऊन जेवते.

शिंपी : खेळणं नाही ते. चांगलं चार हात पंखांचं आहे.

डॉक्टर : म्हणजे प्रोपेलर, पुढचा पंखा! मला वाटलंच होतं. कुठला? दहा इंची?

शिंपी : अकरा. तुम्हाला कसं कळलं?

डॉक्टर : ते नंतर. आधी बोटं. एक्स-रेत हाड शाबूत दिसतंय. आता डोळे मिटा. मी कुठे टोचतेय?

शिंपी : मधल्या बोटाच्या टोकाला. आई गं! आता पहिल्या.

डॉक्टर : छान. मधलं बोट वाकवा. वाकलं. आता पहिलं. टोकाचं पेर. वाकवा काका.

शिंपी : वाकवतोय.

डॉक्टर : नाही वाकवत.

शिंपी : बाई, सुई याच बोटानं धरतो मी. कात्रीही यानंच. सगळं दुकान या एका बोटावर उभं आहे. आणि ते वाकलंच नाही तर?

डॉक्टर : वाकवल्याशिवाय कळायचं कसं?

बायको : अहो, गिऱ्हाइकाच्या रेशमावर बेधडक कात्री चालवता, तेव्हा कुठे जाते ही भीती? वाकवा बघू. मी बघतेय.

शिंपी : तू बघू नकोस. तू बघितलंस की मला धडधडतं.

बायको : बरं, नाही बघत. हे बघा, तोंड फिरवलं. वाकवा.

शिंपी : हं, घे!

डॉक्टर : वाकलं! काकू, वाकलं!

बायको : बघितलं मी. एका डोळ्यानं.

डॉक्टर : बोट वाकवणाऱ्या शिरा तुटल्या नाहीत. नशीब बलवत्तर म्हणायचं. आता बोट बधिर करते, मग टाके. तोवर सांगा, झालं काय?

शिंपी : उडालं!

डॉक्टर : काय उडालं?

शिंपी : विमान हो! टेबलाच्या कडेवरून सुटलं, पाण्याचा तांब्या उडवला, आणि खाली पडायच्या ऐवजी वर गेलं. डॉक्टर, वर! सहा हात तरी तरंगलं असेल. जन्मात पहिल्यांदा माझं विमान उडालं!

बायको : उडालं कसलं, पडद्यात घुसलं. नवा पडदा.

शिंपी : घुसायच्या आधी उडालं. तो पडदा मीच शिवलाय, दुसरा शिवीन.

बायको : कुठल्या बोटानं?

शिंपी : वाकलेल्या!

डॉक्टर : हसू नका काका, हात हलतोय. आणि काकू, तुम्ही तर मुळीच हसू नका, तुमच्यामुळे ते हसतात.

शिंपी : बाई, एक विचारू? प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ कशाला? एका धाग्यात सरळ धावदोरा घातला असता तर लवकर उरकलं असतं. दोराही वाचला असता.

बायको : अहो! त्या डॉक्टर आहेत.

डॉक्टर : विचारू द्या. काका, एका धाग्याचा एक टाका सुटला की?

शिंपी : सगळी शिवण उसवते.

डॉक्टर : आणि ही?

शिंपी : हं. एकच सुटेल. बाकीचे धरून राहतील. पटलं. पण तो तिसरा टाका जरा तिरका आहे हं.

डॉक्टर : जखम तिरकी आहे. ती मी नाही बेतली! बरं, विमान मैदानावर का नाही नेलंत?

शिंपी : नेणारच होतो. म्हटलं, निघण्याआधी शेपूट हलतंय का ते घरी बघावं. बॅटरी जोडली, शेपटीकडे उभा राहिलो. रिमोट आधी चालू करायचा, बॅटरी शेवटी, हे मला पाठ आहे. पठ्ठ्या एकदम गुरगुरला आणि निघाला पुढे. मी दोन्ही हात पुढे करून झेप घेतली आणि धरला.

डॉक्टर : कुठे?

शिंपी : नाकाला. बोटं कापून निसटला आणि उडाला.

डॉक्टर : पडणारी सुरी आणि पळणारं विमान, या दोघांना हात लावायचा नसतो काका. पडलं तर पडू द्यायचं. विमानाचं लाकूड चिकटवता येतं. हा माझा अंगठा बघा.

बायको : अगं बाई! तुम्हीसुद्धा?

डॉक्टर : कॉलेजात असताना. मैत्रिणींना दाखवायचं होतं ना, मला किती येतं ते! समोरून हात घातला. अजून उडवते मी, पण आता नेहमी मागे उभी राहते. पण काका, एक कळत नाही. नुसती बॅटरी जोडून पंखा फिरत नाही. रिमोटवरची वेगाची कांडी वर गेली तरच फिरतो. रिमोट तुमच्या हातात होता?

शिंपी : नाही. म्हणजे, होता.

डॉक्टर : एका हातात रिमोट आणि दोन्ही हातांनी झेप?

शिंपी : बाहेरच्या खोलीत राहिला होता. सोफ्यावर. बॅटरी आणायला गेलो, तो तिथेच ठेवला.

डॉक्टर : मग कांडी वर कशी गेली?

शिंपी : गेली आपोआप. वारा होता.

डॉक्टर : वाऱ्यानं?

शिंपी : जोराचा होता. टाके झाले का?

बायको : वारा कसला? खिडक्या बंद होत्या, मी झाडझूड करत होते. आणि सोफ्यावर कुठला रिमोट, तो मी कपाटावर ठेवायला उचलला. फडकं मारायचं होतं ना. धूळ किती त्याच्यावर, त्या कांड्यांच्या फटीतसुद्धा. चांगला खसाखसा पुसला...

(डॉक्टर सुई थांबवून बायकोकडे बघतात.)

बायको : पण मी बाहेर होते. विमान आत होतं. मध्ये भिंत होती की.

डॉक्टर : मैलभर चालतो रिमोट, काकू.

बायको : म्हणजे मी?

शिंपी : तू नाही गं. फडकं.

बायको : तुम्हाला माहीत होतं?

शिंपी : बोट धरून बाहेर पळत आलो, तेव्हा तुझ्या हातात दोन्ही दिसलं. रिमोट आणि फडकं.

बायको : आणि रिक्षात मी तुम्हाला इतकं बोलले. तुमचं वय काढलं. तुमच्या आईपर्यंत गेले. एक शब्द बोलला नाहीत?

शिंपी : बोलायला संधी कुठे दिलीस?

डॉक्टर : काकू, रडू नका, ऐका. चूक तुमची नाही. घरात काम करताना पंखा आधी काढून ठेवायचा असतो. एक नट फिरवला की निघतो. तो काढला असता तर तुम्ही दिवसभर फडकं मारलं असतंत, तरी नुसती मोटार गुरगुरली असती. आणि रिमोट नजरेआड ठेवायचाच नाही. हे दोन्ही काकांचं चुकलं.

शिंपी : शंभर टक्के माझं. लिहून देतो. बोट बरं झालं की.

बायको : मी रडत नाहीये, डॉक्टर. मला हसू येतंय. म्हणजे ते पहिल्यांदा उडालं ते...

शिंपी : तू उडवलंस! अगं, मी सहा महिने धडपडतोय, आणि तू फडक्यानं!

डॉक्टर : दोघेही शांत बसा. बाहेर पेशंट आहेत, त्यांना वाटेल इथे काय चाललंय. झालं, शेवटची गाठ. पट्टी ओली करू नका. मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन येते. आणि हलू नका काका.

शिंपी : नाही हलत.

बायको : अहो.

शिंपी : हं.

बायको : दुखतंय का फार?

शिंपी : नाही. हसलं की कळ येते.

बायको : मग हसू नका.

शिंपी : तू आधी थांब.