आमच्या गॅलरीतली स्वच्छ हवा

...आणि वर मलाच विचारतात, एवढं चिडायला काय झालं! चिडू नको तर काय करू? तुम्हाला सांगते, माझी आई शिवणकाम करते, तीस वर्षं झाली, आणि गेली दोन वर्षं तिला सकाळी कात्री धरता येत नाही. बोटं सुजून टम्म. संधिवात. म्हातारपणाचा साधा नव्हे हो, हा घरभेदी संधिवात, म्हणजे शरीराचे शिपाई चोर सोडून घरच्यांनाच झोडपतात! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार व्हायची कारणं पुष्कळ, पण धुराधुळीत राहणाऱ्यांना तो जास्त छळतो असं दिसतंय. दोन गोळ्या लिहून दिल्या आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं, स्वच्छ हवेत राहणे. मी औषधवाल्याला विचारलंसुद्धा, ही तिसरी ओळ कुठे मिळेल?

कारण आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि खाली सिग्नल. लाल दिवा लागला की खडी-सिमेंटचे ट्रक आमच्या गॅलरीखाली घुरघुरत उभे, हिरवा लागला की आठवण म्हणून काळा भपकारा ठेवून जाणार. घर बदलावं तर आईची सगळी गिऱ्हाइकं याच रस्त्यावरची. मग मी एक वही केली. एका रकान्यात खालचे ट्रक, दुसऱ्यात आईची सुजलेली बोटं. मध्ये ट्रकवाल्यांचा संप झाला, आणि नवव्या दिवशी आईनं स्वतः सुईत दोरा ओवला... एका झटक्यात. एका वहीनं काही सिद्ध होत नाही, कळतं मला, शिकलेय मी. पण रडले.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, तुझी आई मनाला लावून घेते, दुसरं काय, अगं, हवा काय, सगळ्यांना सारखीच!

वही घेऊन हवेच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब, मी त्यांना खोकलेसाहेब म्हणते, कारण दर वाक्याला दोनदा खोकतात, त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. "ताई... ख्ख्... हवा काय... ख्ख्... सगळ्यांना सारखीच." अहो, सारखी? यांचं हवा मोजायचं यंत्र कुठे, तर बागेत, कारंज्याच्या शेजारी! तिथे माझीसुद्धा तब्येत सुधारेल! अकरा अर्ज केले. अकरा. अकराव्याला कंटाळून त्यांनी यंत्र आमच्या गॅलरीत आणून बसवलं. महिनाभर मोजणार, आकडे वाईट आले तर ट्रक बाहेरच्या रस्त्यानं वळवणार, तसं लेखी दिलं. मी नाचायचीच बाकी होते. आकडे परस्पर ऑफिसात जाणार होते, मी सकाळी सातला नोकरीवर जाते ती अंधार पडल्यावर येते, आणि धूर येतो म्हणून गॅलरीचं दार बंद ठेवायचं हा हुकूम माझाच.

महिन्यानं निकाल लागला. शहरातली सगळ्यात स्वच्छ हवा कुठे? आमच्या गॅलरीत! बागेपेक्षा स्वच्छ! खोकलेसाहेबांनी अभिनंदन केलं हो माझं!

तशीच अर्धी सुट्टी टाकून भरदुपारी घरी आले, गॅलरीचं दार उघडलं, आणि बघते तर यंत्राला कव्हर! निळं, मापात बेतलेलं, खाली इलॅस्टिक. आमच्याकडे मिक्सरला कव्हर असतं, पंख्याला असतं, रिमोटला असतं, मग यंत्रानंच काय पाप केलं होतं? आई रोज आठला, ट्रक सुरू झाले की घालायची आणि संध्याकाळी काढायची.

"अगं, केवढी धूळ जात होती त्याच्या तोंडात," ती म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू, तू एवढ्या खटपटीनं आणलेली. दुहेरी अस्तर लावलंय बघ. चार दिवस लागले, बोटं वळतच नव्हती."

टाके बघितले मी. एकही वाकडा नव्हता.

परत ऑफिसात गेले, सगळं कबूल केलं, हात जोडले. साहेब म्हणाले, कव्हर घालू नये असं नियमात कुठे लिहिलेलं नाही, आकडे नोंदले गेले, आता बदलत नाहीत. उलट तुमच्याकडची हवा एवढी चांगली आहे म्हटल्यावर पलीकडच्या रस्त्याचे ट्रकसुद्धा तुमच्याकडूनच सोडतोय, तिकडच्या लोकांना फार त्रास होतो हो. आणि पुढे... ख्ख्... "हवा काय..."

"सगळ्यांना सारखीच," मीच म्हणाले. त्यांचा खोकला थांबेना.

पुढच्या महिन्यात आईचं डावं मनगटही धरलं. आता कात्री मी चालवते, नोकरीवर जायच्या आधी काजही मीच करते, आई शेजारी बसून सांगते, इथून घे, घट्ट ओढ, एवढं नको. बारावा अर्ज दिलाय. तीन महिने झाले, पोच नाही. काज मात्र केल्याच्या दुसऱ्या दिवशी परत येतात. गिऱ्हाइकं दारात उभी राहून मला वाट्टेल ते बोलतात, आणि तुम्हाला सांगते, मी खाली मान घालून ऐकते... बरं वाटतं. मी केलेल्या कामाला उत्तर देणारं कुणीतरी आहे.