कार्डावरचं कुंकू

भोसरीतल्या भांड्यांच्या दुकानात माझ्यापुढं एक मावशी कुकर घेऊन उभ्या होत्या. काउंटरवरच्या मुलीनं त्यांचं गिफ्ट कार्ड पुन्हा एकदा मशीनमध्ये घातलं.

"घेत नाही मावशी. चिपवर कुंकू बसलंय."

"लक्ष्मीपूजनाला पुजलं न्हवं! आमचे हे यंदा पर्मनंट झाले, कंपनीनं दिलंय."

"मग पुसते."

"न्हाई गं बाई, पूजेचं कुंकू पुसू नगं!"

"बरं, बोटावर घेते आणि माझ्या कपाळाला लावते. चालेल?"

"चालंल की! सुखी ऱ्हा, पोरी."

"हं, झालं बिल. कार्ड रिकामं झालं आता. टाकून देऊ?"

"अगं, दे हिकडं! देव्हाऱ्यात त्याची जागा तशीच ठिवून आलीया."